रिकाम्या बसलेल्या सर्व्हरचं वीजबिल

"घरात जुना डेस्कटॉप पडून आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला तोच लावला तर चालेल ना? की त्यासाठी वेगळं, कमी वीज खाणारं यंत्र घ्यायला हवं?"

घरच्या घरी रेकॉर्डिंग सर्व्हर उभा करायचं मनात आलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. डेस्कटॉप चालेल, व्यवस्थित चालेल. ज्या कामाला आपण त्याला जुंपणार आहोत ते दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही किरकोळ आहे. पण असा सर्व्हर दिवसातले दोन-तीन तास रेकॉर्ड करतो आणि उरलेला वेळ नुसता जागा राहतो. वीजबिलाचा मोठा वाटा येतो तो या रिकाम्या तासांचा. म्हणून यंत्र निवडताना ते किती वेगवान आहे हे नंतर पाहायचं. काहीही न करता ते किती वीज खातं, हे आधी.

१. काय रेकॉर्ड करता येतं?

आपला सर्व्हर म्हणजे तीन गोष्टी: सिग्नल पकडणारा ट्यूनर, साठवणारी डिस्क आणि दोघांना जोडणारा कॉम्प्युटर. त्यावर टीव्हीहेडेंड किंवा मिथटीव्हीसारखं मोफत सॉफ्टवेअर बसवायचं. कार्यक्रमाची वेळ लावून ठेवली की रेकॉर्डिंग आपोआप होतं आणि घरातल्या टीव्हीवर किंवा फोनवर सवडीनं पाहता येतं.

मात्र सगळ्या वाहिन्या अशा रेकॉर्ड होत नाहीत. खासगी डीटीएचच्या वाहिन्या कुलूपबंद येतात आणि किल्ली त्या कंपनीच्या सेट टॉप बॉक्समध्ये असते. केबलचंही तेच. मुंबईत २०१२ च्या नोव्हेंबरपासून केबल डिजिटल झाली आणि भिंतीतून आलेली वायर थेट कॉम्प्युटरला जोडायचे दिवस संपले. आपल्याकडे या उद्योगासाठी खरा उपयोगाचा स्रोत म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. गावोगावच्या कौलांवर दिसणारी छोटी छत्री, उपग्रह वाहिन्यांचा एक ट्यूनर आणि महिन्याचं भाडं शून्य.

परदेशातल्या मराठी घरांना हे आणखी सोपं आहे. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूच्या आणि अमेरिकेत स्थानिक केंद्रांच्या बहुतेक वाहिन्या साध्या अँटेनावर खुल्या मिळतात. घरगुती रेकॉर्डिंगचं वेड तिकडेच आधी रुजलं, त्याचं कारण हेच.

२. पाकीट न फोडता

टीव्ही रेकॉर्ड करायचा म्हणजे कॉम्प्युटर व्हिडिओ 'तयार' करणार आणि त्याला जोरदार प्रोसेसर लागणार, असा समज पक्का आहे. एके काळी तो खराही होता. ॲनालॉग केबलच्या दिवसांत ट्यूनरमधून कच्चं चित्र यायचं. ते आहे तसं साठवलं तर डिस्क बघता बघता भरायची, म्हणून प्रत्येक चित्र तिथल्या तिथे दाबून लहान करावं लागे. मिथटीव्हीची सुरुवात २००२ मध्ये झाली तेव्हा या कामात प्रोसेसर घामाघूम होत असे. होपॉज कंपनीचं पीव्हीआर-३५० हे कार्ड लोक मुद्दाम मिळवत, कारण दाबायचं काम ते स्वतःच्या अंगावर घेई.

डिजिटल प्रक्षेपणात हे काम वाहिनीनं आधीच केलेलं असतं. आकाशातून येतो तो १८८ बाइटच्या छोट्या तुकड्यांचा अखंड प्रवाह. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक क्रमांक असतो: हा अमुक वाहिनीच्या चित्राचा, हा तमुक वाहिनीच्या आवाजाचा. टपाल कार्यालयात पत्रांची वाटणी करणारा माणूस पाकीट फोडत नाही, वरचा पिन कोड पाहून ते योग्य खणात टाकतो. (ही पिन कोडची पद्धत १९७२ साली आणली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडितानं.) रेकॉर्डिंग सर्व्हर तेवढंच करतो. हव्या त्या क्रमांकाचे तुकडे वेचायचे आणि ओळीनं डिस्कवर लिहायचे. आत बातम्या आहेत की क्रिकेट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यातून एक फायदा असा निघतो, जो पुष्कळांना ठाऊक नसतो. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे एका वारंवारतेवरून, अनेक वाहिन्या एकत्र येतात. ट्यूनर तो सगळा प्रवाह एकदम पकडतो. त्यामुळे एकाच ट्रान्सपाँडरवरच्या दोन-तीन वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होऊ शकतात. दुसरा ट्यूनर विकत घेण्याआधी आपल्या आवडीच्या वाहिन्या कुठे बसल्या आहेत हे वाहिन्यांच्या यादीत पाहून घ्यावं.

आता आकडे. साध्या प्रतीच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.४ मेगाबाइट आणि तासाला १.३५ गिगाबाइट. अमेरिकेत एका वारंवारतेवरचा सगळा प्रवाह १९.४ मेगाबिटांच्या आसपास असतो. तो अख्खा साठवला तरी सेकंदाला अडीच मेगाबाइटदेखील होत नाहीत. साधी यूएसबी डिस्क याच्या कित्येक पट वेगानं लिहिते. यंत्राची ताकद इथे लागतच नाही.

३. मग ताकद कुठे लागते?

ती लागते पाहताना, आणि तीही एकाच परिस्थितीत: समोरच्या उपकरणाला मूळ स्वरूप वाचता येत नसेल तेव्हा. फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या अजून एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं येतात. कॉम्प्युटरवरचे नेहमीचे ब्राउझर ती पद्धत चालवत नाहीत. मग सर्व्हरला ते चित्र उलगडून, नव्या पद्धतीनं पुन्हा दाबून, चालू वेळेत पुढे पाठवावं लागतं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम सर्वसाधारण प्रोसेसरवर टाकलं की पंखा घोंघावू लागतो आणि वीज वाढते.

माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हर मोठा करण्याआधी पाहण्याचं साधन बदला. ब्राउझरऐवजी व्हीएलसी किंवा कोडी वापरलं, तर मूळ प्रवाह जसाच्या तसा जातो आणि उलगडण्याचं काम टीव्हीजवळचा बॉक्स किंवा फोन करतो. एक मोफत ॲप बसवल्यानं जे भागतं, त्यासाठी लोक दुप्पट किमतीचं यंत्र घेतात. ट्रान्सकोडिंगची खरी गरज पडते ती घराबाहेरून, मोबाइलच्या मर्यादित डेटावर रेकॉर्डिंग पाहायचं असेल तेव्हा. ते रोजचंच असेल, तर यंत्रात चित्र दाबण्यासाठी वेगळा भाग असावा. इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत तो असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात, आणि तो हे काम थोडक्या वॉटमध्ये उरकतो.

४. एका वॉटची वर्षाची किंमत

एक वॉटचं उपकरण वर्षभर अखंड चालू ठेवलं तर किती वीज जाते? वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ८,७६० वॉट-तास, अर्थात ८.७६ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून सगळे आकार धरून युनिटला १० रुपये मानू. म्हणजे चोवीस तास जळणारा एक वॉट वर्षाला सुमारे ८८ रुपये नेतो. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं तोंडी होतं. आपला दर वेगळा असेल तर बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करावं आणि ८.७६ नं गुणावं.

जुना डेस्कटॉप रिकामा बसून ७० वॉट घेत असेल, तर ७० गुणिले ८८, म्हणजे वर्षाला ६,१६० रुपये. १० वॉटवर बसणारा मिनी कॉम्प्युटर: ८८० रुपये. फरक ५,२८० रुपयांचा. मिनी कॉम्प्युटर १२,००० रुपयांना पडला तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल.

हेच गणित उलट बाजूनंही करून पाहावं. घरात १२ वॉटवर चालणारं यंत्र आहे आणि ६ वॉटवर चालणारं नवं मोहात पाडतंय. वाचणार ६ वॉट, म्हणजे वर्षाला ५२८ रुपये. नवं यंत्र १०,००० रुपयांचं असेल तर वसुलीला एकोणीस वर्षं लागतील. कमी वॉटच्या मागे लागण्यालाही एक मर्यादा असते, आणि घरगुती सर्व्हरच्या बाबतीत ती दहा-पंधरा वॉटच्या आसपास येते. त्याखाली उतरण्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

५. लेबलवरचे वॉट आणि भिंतीतले वॉट

इथे पुष्कळांची गल्लत होते. अडॅप्टरवर ६५ वॉट छापलेलं असतं, ते त्याची कमाल क्षमता सांगतं. तो अडॅप्टर लावलेला कॉम्प्युटर रिकामा बसून ९ वॉटही घेत असेल. प्रोसेसरच्या माहितीपत्रकातला टीडीपी हा आकडा उष्णतेबद्दलचा आहे: भरपूर काम करताना किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी, हे तो सांगतो. रिकाम्या वेळच्या विजेबद्दल तो काहीच बोलत नाही. दोन प्रोसेसरांचा टीडीपी ३५ आणि ६५ असला तरी रिकामे असताना दोघंही जवळपास सारखीच वीज घेताना दिसतात.

डेस्कटॉपचा छुपा खर्च त्याच्या एसएमपीएसमध्ये असतो, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीत. ४५० वॉटची पेटी निम्म्या भाराला चांगली चालते. तिच्यातून फक्त २० वॉट घेतले तर त्या मानानं बरीच वीज पेटीतच उष्णता होऊन जाते. कार्यक्षमतेची नेहमीची प्रमाणपत्रं देताना सर्वांत कमी भार धरतात तो २० टक्क्यांचा, म्हणजे या पेटीला ९० वॉटचा. आपला सर्व्हर त्याच्याही बराच खाली असतो. लहान यंत्राला लहान अडॅप्टर, यातच निम्मी बचत दडलेली आहे.

म्हणून मोजावं. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं, पण ते नसलं तरी घरच्या वीजमीटरवर काम होतं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच 'इम्पल्स प्रति युनिट' असा आकडा छापलेला असतो. तो ३,२०० असेल, तर दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. हिशेब असा बसतो: ११,२५० भागिले दहा लुकलुकींना लागलेले सेकंद, म्हणजे चालू वॉट. आकडा १,६०० असेल तर ११,२५० ऐवजी २२,५०० घ्यावे.

घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिज आणि राउटरसुद्धा. फार कमी भार काही मीटर नोंदतच नाहीत, म्हणून जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून ठेवायचा. समजा नुसत्या बल्बवर दहा लुकलुकींना ११२ सेकंद लागले: ११,२५० भागिले ११२, सुमारे १०० वॉट. आता सर्व्हर चालू करा, पाच मिनिटं त्याला स्थिरावू द्या आणि पुन्हा मोजा. समजा १०० सेकंद आले: ११२.५ वॉट. फरक १२ वॉटचा, तोच आपला सर्व्हर. बल्ब दोन्ही वेळा तोच असावा आणि मोजणी लागोपाठ करावी, कारण व्होल्टेज वरखाली झालं की बल्बचे वॉटही बदलतात.

६. जुना डेस्कटॉप झोपवून ठेवला तर?

सुरुवातीच्या प्रश्नाला इथे खरं वळण मिळतं. बहुतेक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं आणि त्याला गजर लावता येतो. सॉफ्टवेअर पुढच्या रेकॉर्डिंगची वेळ त्या घड्याळात भरतं, यंत्र बंद होतं आणि वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी स्वतः चालू होतं. लिनक्सवर त्यासाठी आरटीसीवेक नावाची आज्ञा आहे. मिथटीव्हीमध्ये तर ही सोय सुरुवातीच्या काळापासून आहे.

रोज तीन तास चालू, ७० वॉटनं: २१० वॉट-तास. उरलेले एकवीस तास बंद अवस्थेत २ वॉट: ४२ वॉट-तास. मिळून दिवसाला २५२, वर्षाला सुमारे ९२ युनिट, म्हणजे ९२० रुपये. आणि चोवीस तास जागा राहणारा १० वॉटचा मिनी कॉम्प्युटर ८८० रुपये घेत होता! नवं काहीही न आणता जुनं यंत्र त्याच्या बरोबरीला येऊन बसलं. संध्याकाळच्या बातम्या आणि एखादा ठरावीक कार्यक्रम एवढंच रेकॉर्ड करायचं असेल, तर मी तरी नवं यंत्र घ्यायचा सल्ला देणार नाही. चालणारा डेस्कटॉप भंगारात घालण्यापेक्षा हे कधीही बरं.

अडचण सोयीची आहे. दुपारी कुणाला जुनं रेकॉर्डिंग पाहायचं झालं तर आधी यंत्र उठवावं लागतं. काही ट्यूनर स्लीपमधून उठल्यावर सिग्नल पकडत नाहीत; त्यांच्यासाठी स्लीपऐवजी पूर्ण बंद करून गजरावर चालू होणं भरवशाचं. घरात पाहणारे अनेक असतील आणि वेळा ठरलेल्या नसतील, तर चोवीस तास जागं राहणारं लहान यंत्रच हवं.

७. लहान यंत्रांतून निवड

रास्पबेरी पाय सर्वांच्या ओळखीचा. २०१९ चा पाय ४ रिकामा असताना साधारण ३ वॉट घेतो आणि नुसतं रेकॉर्ड करून मूळ प्रवाह पुढे पाठवायला पुरून उरतो. त्याआधीच्या मॉडेलांत नेटवर्क आणि यूएसबी एकाच अरुंद वाटेनं जात. ट्यूनर, डिस्क आणि नेटवर्क तिघंही एकदम त्या वाटेवर आले की तुकडे गळण्याची भीती असे. पाय ४ मध्ये ती अडचण गेली. २०२३ चा पाय ५ वेगानं कितीतरी पुढे आहे, पण पाय ४ मधला चित्र दाबण्याचा खास भाग त्यात ठेवलेला नाही, म्हणून ट्रान्सकोडिंगसाठी तो घेऊ नये. त्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे: त्यात गजर लावता येणारं घड्याळ आहे, पाय ४ मध्ये नव्हतं.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवरचे मिनी कॉम्प्युटर २०२३ पासून बाजारात दिसू लागले. रिकामे असताना भिंतीतून ६ ते १० वॉट, क्विक सिंक आहे आणि डिस्क लावायला नीट जागा. सगळं नव्यानं उभं करणाऱ्याला मी हेच सुचवीन. तिसरा पर्याय म्हणजे कार्यालयांतून निवृत्त होणारे छोटे कॉम्प्युटर: लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. जाड पुस्तकाएवढे, बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारे, रिकामे असताना साधारण ८ ते १५ वॉटचे. बांधणी भक्कम आणि सुटे भाग सहज मिळणारे. विकत घेताना दुकानातच चालू करून पंख्याचा आवाज ऐकावा.

ट्यूनरची वीज या हिशेबात धरायला विसरू नये. छत्रीच्या टोकावरचा एलएनबी ट्यूनरकडूनच १३ किंवा १८ व्होल्ट घेतो, त्यात दोन-तीन वॉट जातात. म्हणूनच यूएसबीवरच्या उपग्रह ट्यूनरांना बहुधा स्वतंत्र अडॅप्टर येतो. आणि पावसाळ्यात जोराच्या सरीत चित्र तुटलं, रेकॉर्डिंगमध्ये भोकं पडली, तर यंत्राला दोष देऊ नये. फ्री डिशच्या वारंवारतेच्या लहरी पावसात क्षीण होतात. छत्री आधीच नेमकी रोखलेली असेल तर नुकसान कमी होतं, एवढाच त्यावर उपाय.

८. डिस्क

साडेतीन इंची डिस्क फिरत असताना ४ ते ६ वॉट घेते, अडीच इंची एक-दोन वॉट, एसएसडी त्याहूनही कमी. तीन वॉटच्या पायला सहा वॉटची डिस्क जोडली तर बचत कुठे गेली ते शोधायला लागत नाही. थोडी रेकॉर्डिंग्ज ठेवून पाहिली की पुसून टाकणाऱ्यांना ५०० गिगाबाइटची एसएसडी भरपूर आहे: ताशी १.३५ गिगाबाइटनं साडेतीनशे तासांवर.

सतत लिहून एसएसडी झिजेल ही भीती आकड्यांपुढे टिकत नाही. रोज तीन तास म्हणजे दिवसाला ४ गिगाबाइट, वर्षाला दीड टेराबाइट. या आकाराच्या एसएसडीला उत्पादक शंभर-दोनशे टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. झिजतं ते पायचं मेमरी कार्ड, म्हणून त्यावर रेकॉर्डिंग कधीही करू नये. वर्षानुवर्षांचा संग्रह करायचा असेल तर सीसीटीव्हीसाठी बनवलेली साडेतीन इंची डिस्क घ्यावी. ती सतत लिहिण्यासाठीच असते आणि तालुक्याच्या गावी कॅमेऱ्यांच्या दुकानातही मिळते.

९. वीज गेली तर

महाराष्ट्रात राहून हा मुद्दा सोडता येत नाही. लहान यंत्राचा इथे मोठा फायदा होतो: दहा-बारा वॉट घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाहीत. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस काही मिनी कॉम्प्युटरांना चालतो. त्याआधी कॉम्प्युटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून यूपीएसशी जुळवावेत. १९ व्होल्टच्या यंत्राला तो उपयोगाचा नाही.

एवढ्यावर भागत नाही. वीज परत आल्यावर यंत्र आपणहून चालू झालं पाहिजे, नाहीतर दुपारी गेलेल्या विजेनं रात्रीचं रेकॉर्डिंग बुडतं. पायला वीज मिळाली की तो सुरू होतोच. मिनी कॉम्प्युटर आणि डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, वीज परतल्यावर काय करायचं, असा एक पर्याय असतो. चोवीस तास जाग्या ठेवायच्या यंत्रात तो 'पॉवर ऑन'वर ठेवावा. गजरावर उठणाऱ्या डेस्कटॉपलाही हेच लागू आहे, पण वीज आल्यावर तो पुन्हा आपोआप बंद होईल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवावी. सेटिंग झाल्यावर, रेकॉर्डिंग चालू नसताना, यंत्र रीतसर बंद करावं, बोर्डावरचं बटण अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावं आणि ते उठतं का, उठल्यावर ट्यूनर सापडतो का, हे पाहून घ्यावं.